भिंतीतली चार भोकं

आधी मी दुसऱ्या मजल्यावरच्या रुहानवर आळ घेतला.
सहावीतला पोर, नवं पंचिंग मशीन घेऊन
गच्चीपासून गेटपर्यंत
सापडेल त्याला भोकं पाडत फिरणारा.
गुलाबाच्या पानांच्या कडा गोल कापलेल्या,
इतक्या नेटक्या, की अळीचं काम वाटेचना.
जिन्यात गाठून विचारलं.
"आजी, माझं मशीन एवढं मोठं पाडत नाही,"
म्हणाला, आणि खिशातून काढून दाखवलं.
खरंच, नाही पाडत.

मग कार्तिकातल्या एका दुपारी,
दळण आणायचं टाळून पायरीवर बसले होते,
समोर माझी नऊ बाय सहाची माती,
मुलुंड पूर्व, तळमजला,
तेव्हा ती दिसली.
मधमाशीच, पण पोळ्यातली नव्हे.
जरा ठेंगणी, काळसर, पोटावर राखाडी पट्टे.
पानाच्या कडेवर बसली, अंग वळवत एक फेरा घेतला,
आणि तुकडा सुटायच्या आत पंख सुरू.
सहा-सात सेकंद. मी मनात मोजले.
हिरवी घडी पोटाशी धरून
माझ्या डोक्यावरून
थेट दाराशेजारच्या भिंतीत.

तिथे चार भोकं आहेत.
'अ. शं. मठकर' अशी पितळी पाटी होती.
गेल्या मे महिन्यात मीच काढवली, पॉलिशला म्हणून.
पॉलिश होऊन आली, कपाटात आहे, शालीखाली.
आता नवी लावायची तर कोणाचं नाव?
मुलगा म्हणतो, तुझं.
सून म्हणते, नुसतं 'मठकर' पुरे.
सेक्रेटरी म्हणतात, काहीही टाका पण टाका,
कुरिअरवाले मला विचारत बसतात.
वॉर्ड ऑफिसात जन्म-मृत्यूच्या खिडकीवर बत्तीस वर्षं
लोकांची नावं उतरवली, काना-मात्रा तपासून.
स्वतःच्या नावाशी आले
आणि म्हटलं, दिवाळीनंतर बघू.

वरची दोन्ही भोकं तिने घेतली.
बोटाच्या दोन पेरांएवढी खोल.
पान, पान, मग गोकर्णावरचा पराग.
पोटाखाली पिवळी माखून यायची,
आधी डोकं घालून आत,
मग बाहेर, वळून, पाठमोरी पुन्हा आत.
मदतीला कोणी नाही. 
मीही नाही, मी नुसती चहा गार करत बसलेली.

रुहानने कुठूनसं शोधून आणलं:
सगळ्यात आत घातलेलं अंडं शेवटी बाहेर येतं,
शेवटचं घातलेलं आधी.
"आणि आई?"
"ती तोवर नसते, आजी."
एवढं बोलून तो बुटाची लेस बांधायला खाली बसला.
बराच वेळ बांधत होता.

गुरुवारी बाबी मेस्त्री आला, ड्रिल घेऊन.
मुलाने नाशिकहून परस्पर पाटी करून पाठवलेली.
'शालन मठकर'. अक्षरं बरी आहेत.
वरच्या भोकांवर दोन हिरव्या टिकल्या बघून म्हणाला,
"कचरा बसलाय, खरवडून घेतो."
मी मध्ये उभी राहिले.
"खालच्या दोन भोकांत लाव."
"मग पाटी वीतभर खाली येईल, काकू.
खालच्या अंगाला नवी भोकं पाडावी लागतील."
"ड्रिल नको. हादरे बसतात."
"कोणाला?"
मी सांगितलं नाही.
"दोनच स्क्रूंवर वाजत राहील वाऱ्याने."
"वाजू दे."

वाजते. संध्याकाळी मिठागराकडून वारा सुटला
की माझं नाव भिंतीवर टकटक करतं.
पहिले काही दिवस मी उठून दार उघडलं.

ती दिसून आता तीन आठवडे झाले.
टिकल्या तपकिरी झाल्यात, विड्यासारख्या वाळलेल्या.
आज सकाळी डाव्या भोकाला कान लावला.
आत काही नाही.
निदान माझ्या कानाला तरी.
मागून कुरिअरवाल्याचा आवाज आला,
"शालन मठकर कुठे राहतात?"
पाटी माझ्या खांद्याआड गेली होती.
कान भिंतीवरून न काढता
मी हात मागे केला.